पाळ चोपतानाचा फोटो

मी काढलेल्या एका फोटोला चाळीसेक वर्षांनी भाव आला, आणि तोही भलत्याच कारणानं. एका सकाळी चहा पिता पिता मोबाइल उघडला तर माहेरच्या एका भाच्यानं काहीतरी पाठवलं होतं. फोटो ओळखीचा वाटला म्हणून चष्मा लावला. फोटो माझाच होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'एकाच धर्मातल्या दोन पंथांचा रक्तरंजित संघर्ष, एक ऐतिहासिक छायाचित्र.' भाच्यानं वर जोडलेले दोन पिवळे हातही टाकले होते. त्याला बिचाऱ्याला कुठे ठाऊक असणार की हे ऐतिहासिक छायाचित्र त्याच्या आत्यानं काढलंय, डोक्यावर पदर आणि दातांत पदराचं टोक धरून.

चूक माझीच होती. पेटी आवरताना हा फोटो सापडला आणि मी हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकला, 'ओळखा पाहू कोण कोण आहे' म्हणून. ओळखलं कोणीच नाही. पण तिथून तो कुणाच्या तरी बोटानं बाहेर पडला, गावोगाव हिंडला आणि नवं नाव घेऊन माझ्याकडे परत आला.

फोटो असा आहे. बारा-चौदा माणसांच्या दोन रांगा, समोरासमोर. धोतरं वर खोचलेली, अंगात बंड्या, काहीजण उघडे. डावीकडच्या रांगेतल्या लोकांनी लाकडी मोगऱ्या डोक्यावर उगारलेल्या. उजवीकडची रांग वाकलेली. मागे नुसतं पांढरं आभाळ. ज्याला काही माहीत नाही तो म्हणणारच की आता डोकी फुटतात. पण त्या मोगऱ्या आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, चोपायच्या होत्या. दोन रांगांच्या मधे हातभर रुंदीची ओल्या चिकणमातीची पट्टी होती. मी पाळीच्या उतारावर खाली उभी राहून फोटो काढला, त्यामुळे माती फोटोत आलीच नाही. माणसं तेवढी आली.

माझ्या वडिलांचा गोंदियात फोटो स्टुडिओ होता. लहानपणापासून मी अंधाऱ्या खोलीत त्यांच्यासोबत फोटो धुतलेत. लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, बाबांनी मला त्यांचा जुना कॅमेरा दिला आणि चार रोल. सासर पडलं अर्जुनी मोरगावच्या पलीकडचं धानाचं गाव. इटियाडोह धरणाचं पाणी दुसऱ्या गावांना मिळायचं, आमच्याकडे कालवा आलाच नाही. आमची सगळी भिस्त गावच्या तलावावर. सासरकडचे लोक पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. पाळ कुठे कच्ची आहे हे माझे सासरे अनवाणी पायांनी चालून सांगत. त्यांना मी मामाजी म्हणे, त्यांच्या धाकट्या भावाला काकाजी. मी गोंदियाची, त्यामुळे माझ्या बोलण्यात निम्मी हिंदी. पहिल्याच आठवड्यात मी 'मिट्टी' म्हणाले तर मामाजी हसून म्हणाले, "इथं मिट्टी नाही पिकत बाई, माती पिकते." पुढे वर्षभर घरात मला मिट्टीवाली म्हणत. राग यायचा, पण आता ते नाव घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून जास्त वाईट वाटतं.

पाळ चोपणं हे मारामारीपेक्षा कठीण काम आहे. तलाव आटला की उन्हाळ्यात पाळीला चर खणायचा, त्यात चिकणमाती भरायची, पाणी शिंपायचं आणि दोन्ही बाजूंनी चोपायची. एकाच पट्टीवर दोन रांगांच्या मोगऱ्या पडायच्या, म्हणून एक रांग वर असताना दुसरी खाली पाहिजे. ताल चुकला की मोगरीवर मोगरी आदळते, नाहीतर समोरच्याच्या मनगटावर. त्यासाठी हाळी लागते. एक रांग देवाचं नाव घेऊन मारी, दुसरी त्याच देवाच्या जयजयकारानं. गावात हे असंच चालत आलं होतं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या निम्म्या घरांनी मार्ग घेतला. म्हणजे एका पंथाची दीक्षा घेतली. मार्गातल्या माणसानं एकाच देवाला मानायचं, बाकीचे फोटो, टाक, मूर्ती घराबाहेर काढायच्या, दारू आणि मटण बंद. काकाजी त्यात सगळ्यांत पुढे होते. त्यांना दारूनं पुरतं घेरलं होतं आणि मार्गानं ती सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काकी त्या वर्षी पहिल्यांदा मोकळं हसल्या. पण घराचा देव्हारा दोघा भावांचा मिळून होता. काकाजींनी आपल्या वाटणीचे देव फडक्यात बांधले आणि तलावात सोडून दिले. त्यांत त्यांच्या आईच्या पूजेतला पितळेचा बाळकृष्णही गेला. मामाजींना कळलं तेव्हा ते जेवत होते. ताटावरून उठले आणि दोन वर्षं भावाशी बोलले नाहीत.

मग गावात कुणाचं काही धड राहिलं नाही. मार्गातले लोक देव मानणाऱ्यांच्या घरचा प्रसाद घेईनात, हे लोक त्यांच्या लग्नात जेवेनात. पाण्याचे हंडे वेगळ्या वेळी भरायला लागल्या बाया. आमच्या अंगणात मधोमध बांबूचा तट्टा उभा राहिला आणि काकी मला तट्ट्याच्या फटीतून मीठ द्यायच्या. हसू नका, मीठ आम्ही दोघींनी कधी बंद होऊ दिलं नाही.

त्यात पावसाळ्यात पाळ झिरपायला लागली. धान कसंबसं हाती आलं, पण पुढच्या पावसात पाळ टिकणार नाही हे मामाजी चालून सांगून चुकले होते. तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, दोन्हीकडच्यांची. चैत्रात सगळे पाळीवर जमले. आजवर रांगा मिसळून असत, त्या वर्षी देववाले डावीकडे आणि मार्गवाले उजवीकडे उभे राहिले. मोगऱ्या हातात घेतल्या आणि सगळं अडलं. हाळी कुणाच्या नावानं द्यायची? हे त्यांचं नाव घेईनात, ते यांचं. अर्धी सकाळ लोक मोगऱ्या टेकून उन्हात उभे.

शेवटी मामाजी बोलले, पण भावाकडे न पाहता. "धानाचं नाव घ्या. धान तं दोघायच्याइ घरी शिजते." मग ठरलं की डावी रांग 'चिन्नोर' म्हणून मारेल आणि उजवी 'लुचई' म्हणून. चिन्नोर सणावाराचा वासाचा तांदूळ, लुचई रोजच्या जेवणातला. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे. पाळीवरून येणारा तो आवाज, चिन्नोर, धप्प, लुचई, धप्प. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका तालात माती चोपताहेत. मला भरून आलं. घरी धावत जाऊन मी कॅमेरा आणला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता, तो मी काढला.

तो काढला तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं की फोटोत सगळ्यांत पुढे असलेल्या दोघा भावांचा ताल चुकलाय. डावी रांग सगळी वर, फक्त मामाजींची मोगरी खाली आणि तोंड उघडं. उजवी रांग सगळी खाली, फक्त काकाजींची मोगरी वर. बाबांनी गोंदियाहून फोटो धुऊन पाठवला तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, 'छान आला आहे, फक्त पुढच्या दोघांनी बिघडवला.' मी कितीतरी वर्षं घरात चेष्टा करायची, की सगळा गाव तालात आणि आमच्या घरचे दोघंच कामात कच्चे. मामाजी ऐकून घेत. कधी काही बोलले नाहीत.

फोटो मी काच लावून ओसरीत टांगला होता. पाळ टिकली, तलाव भरला, आणि पुढच्या साली नवं धान आलं तेव्हा मामाजींनी एका पोराकरवी काकाजींना जेवायला बोलावणं पाठवलं. त्या दिवशी त्यांनी सासूबाईंना सांगितलं की देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी एक ताट वेगळं काढून ठेवा. देवाला दाखवलेलं तो खाणार नाही. सासूबाई पुटपुटल्या, पण काढलं. काकाजी आले आणि जेवून गेले. तट्टा पुढच्या पावसात सडून पडला आणि कोणी परत उभा केला नाही.

मला राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. काकाजी जेवायला येणार त्या दिवशी सकाळी मामाजींनी माझा फोटो खुंटीवरून काढला. विचारलं तर म्हणाले, "ऊन लागून राह्यलं त्याले, फिका पडन." ओसरीत त्या भिंतीला ऊन कधी येतच नव्हतं. फोटो गेला तो त्यांच्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या खाली. मी मनात धरलं, की सुनेच्या हौसेची या घरात एवढीच किंमत. मामाजी गेले, आम्ही गोंदियाला राहायला आलो तेव्हा पेटी माझ्याकडे आली, आणि मी ती उघडायलाही कितीतरी वर्षं घेतली.

तर तो फोटो असा फिरत असतानाच काकाजींचा फोन आला. आता ते नव्वदीला टेकलेत, नातवाजवळ गावातच राहतात. आवाज मात्र खणखणीत. "बाई, माहा फोटो लागला म्हणते अर्जुनीले. हॉलमंदी. मले पाह्याचा आहे." अर्जुनी मोरगावात कुठल्याशा हौशी मंडळानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं, 'दुभंगलेली गावं' या नावाचं, आणि मोबाइलवरून उचललेला माझा फोटो मोठा करून लावला होता. खाली काय लिहिलं असेल ते मला सांगायची गरज नव्हती.

ज्या माणसानं दारू सोडली, सगळ्या गावाच्या भांडणानंतर भावाच्या घरी येऊन जेवला, भावाच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून पेज पाजली, त्यानं या वयात हॉलमध्ये चारचौघांत उभं राहून वाचायचं की तो हाणामारी करणारा आहे? नातू सोबत असणार, त्याची पोरं असणार. मी म्हटलं, "काकाजी, मी येते, मग सोबतच जाऊ." आणि एका कागदावर नीट अक्षरांत लिहिलं, 'गावच्या तलावाची पाळ सगळे मिळून चोपताना.' ते घेऊन पहिल्या बसनं निघाले. कोहमाऱ्याला बस अर्धा तास थांबली. ड्रायव्हर ढाब्यावर पोहे खात होता आणि मी खिडकीतून त्याच्याकडे इतक्या रागानं पाहिलं की त्यानं पोहे अर्धे टाकले.

हॉलवर पोचले तर काकाजी आधीच येऊन बसले होते, फोटोसमोर खुर्ची टाकून. नातू बाहेर मोटारसायकलजवळ कुणाशी तरी बोलत होता. आत आम्ही दोघं आणि मंडळाचा एक पोरगा. मी सरळ त्या पोराला धरलं. म्हटलं, हा फोटो मी काढलाय, ही हाणामारी नाही, पाळ चोपणं आहे, आणि तुझं हे लिहिलेलं काढ. तो भला होता, पण म्हणाला, "मॅडम, नेटवर तर सब जगह यही लिखा है." मी म्हटलं, नेट तिथं नव्हतं, मी होते. मग त्याला सगळं समजावून सांगितलं, दोन रांगा कशा असतात, एक वर तेव्हा दुसरी खाली. तो मान डोलावत होता. मी चिठ्ठी पुढे केली.

"ठेव बाई," काकाजी म्हणाले. "त्यानं बराबर लिवलं आहे."

मला वाटलं त्यांना नीट वाचता आलं नसेल. मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं की यात तुम्ही मारामारी करत होता असं लिहिलंय.

"म्हातारा झालो, बहिरा नाही झालो." त्यांनी काठी उचलून फोटोतल्या स्वतःच्या हातांवर ठेवली. "हे पाह्य. माह्या रांगेतले सारे खाली. मीच कायले वर आहो?"

"ताल चुकला होता तुमचा," मी म्हटलं. "दोघांचाही."

"चुकला नोता."

मग त्यांनी सांगितलं, फोटोकडेच पाहत. चोपता चोपता मामाजी त्यांना हळूच बोलले होते, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतकं हळू. देव बुडवले, आता बाटली कधी बाहेर काढतो? काकाजींना दारू सोडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रात्र रात्र हात थरथरत. ते म्हणाले, "डोकं फिरलं माहं. सारे लुचई म्हणून खाली आले, मी नाही आलो. ते मोगरी मातीसाठी नोती, बाई. तुह्या मामाजीच्या डोक्यासाठी होती."

मंडळाचा पोरगा मागे सरकला.

"त्यानं पाह्यलं. भावाचे डोळे भावाले समजते. त्याची बारी होती उचलाची, पण त्यानं हात खाली सोडला. उभा राह्यला तसाच, रिकामा. अन् बोल्ला, 'लुचई'. त्याचं नोतं ते. त्याचं चिन्नोर होतं. माहं नाव घेतलं त्यानं." काकाजींची काठी मामाजींच्या उघड्या तोंडापाशी गेली आणि तिथंच थांबली. "लुचई आयकलं अन् माहा हात आपोआप मातीवर पडला. सवय होती. तो चिन्नोर म्हणता तं मी त्याले मारलं असतं."

बाबा नेहमी सांगत, चेहरा सगळेच सांभाळतात, फोटोत आधी हात पाहायचे. मी फोटोवाल्याची पोर, चाळीस वर्षं हा फोटो माझा म्हणत आले, आणि हातच पाहिले नाहीत. मी पाहिलं ते तालात चोपणारं गाव. मला ते हवं होतं म्हणून दिसलं, आणि अजूनही हवं आहे, हे खोटं कशाला बोलू.

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्ही हा फोटो आधी कधी पाहिला नव्हता?"

"कुठं? आज पाहून राह्यलो पह्यल्यांदा. काढला होता हेच मले माहीत नोतं."

तेव्हा मला ओसरीतली ती खुंटी आठवली. ज्या भिंतीला ऊन येत नाही तिथलं ऊन आठवलं. मी खाली जमिनीवरच बसले, त्यांच्या खुर्चीजवळ. आणि त्यांना सांगितलं, की फोटो आमच्या ओसरीत टांगलेला होता. तुम्ही नव्याचं जेवायला आलात त्या दिवशी सकाळी मामाजींनी तो काढून पेटीत घातला. मला म्हणाले फिका पडेल. त्यानंतर मरेपर्यंत बाहेर काढला नाही, आणि या दिवसाबद्दल घरात कोणाजवळ एक शब्द बोलले नाहीत.

मग नव्वदीचा तो माणूस लहान पोरासारखा रडला, आणि मीही रडले, कारण मामाजींनी एवढी वर्षं कपड्यांच्या खाली झाकून ठेवलेलं मी एका बोटानं जगाला दाखवलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुले काय माहीत. त्यानं तुलेबी नाही सांगतलं."

नातू आत आला तेव्हा आम्ही डोळे पुसले होते. त्यानं विचारलं, "आजा, काय झालं?" काकाजींनी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याकडे हात केला. "तुही चिठ्ठी दे. वाचून दाखव."

मी वाचली. गावच्या तलावाची पाळ सगळे मिळून चोपताना.

"सगळे मिळून नाही," ते म्हणाले. "पुढचे दोघं नाही चोपून राह्यले. ते खोड. अन् ते रक्ताचंबी काढ म्हणा. रक्त नाही निघालं." मी पोराकडून पेन घेतलं, चिठ्ठी उलटी केली आणि विचारलं काय लिहू. त्यांनी विचार केला. एकेक शब्द थांबून सांगितला, आणि तो मी आमच्या लिहायच्या भाषेत उतरवला. दोनदा मोठ्यानं वाचायला लावून मगच त्यांनी चिठ्ठी लावू दिली, आणि चिकटत नव्हता तो कोपरा स्वतः अंगठ्यानं दाबून धरला.

'तलावाची पाळ चोपताना. पुढचे दोघे सख्खे भाऊ. उजवीकडच्या धाकट्यानं मोगरी भावावर उगारली आहे. डावीकडचा मोठा त्याला हाक देतो आहे.'